मी लावून दिलेलं वाचनालय

दुबईहून परत येऊन दोन महिने होत आले. आमच्या साताऱ्याच्या निवृत्त ग्रंथपालांच्या मंडळाने ‘प्रवासात पाहिलेली ग्रंथालयं’ या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी घसा बसल्याचं कारण सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण मंडळाच्या ग्रुपवर मी तिथून टाकलेले फोटो सगळ्यांनी पाहिले होते, कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाच्या पुढे उभं राहायची माझी तयारी नव्हती. बोलताना माणूस गोड करून सांगतो. म्हणून लिहायला बसले आहे.

मी एकतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तकांचं वर्गीकरण हा माझा विषय. तो मी शिकवलाही. माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या फिलाडेल्फिया शहरातल्या ग्रंथालयांवर होता. एका शहरात किती तऱ्हांची ग्रंथालयं असावीत! वर्गणीदारांचं वेगळं, व्यापाऱ्यांच्या कारकुनांचं वेगळं, वकिलांचं वेगळं, आणि शिकाऊ कामगारांसाठी आणखी एक. अमेरिकेला मी कधी गेले नाही. जे काही वाचलं ते जुन्या छापील याद्यांच्या छायाप्रतींवरून. त्यामुळे या जानेवारीत मुलीकडे जाताना मनाशी ठरवलं होतं, की अमिरातीत मॉल बघायचे नाहीत, ग्रंथालयं बघायची.

डिस्कव्हरी गार्डन्स

पहिलं ग्रंथालय जिना उतरताच सापडलं. माझी मुलगी गौरी, जावई समीर आणि नऊ वर्षांची नात ईरा राहतात त्या इमारतीत तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी एक पांढरं कपाट आहे. पुस्तक ठेवा, पुस्तक न्या. विचारायला कुणी नाही. रशियन पाककृती, फिलिपिनो प्रेमकथा, तमिळ मासिकं, कुणाचं तरी दहावीचं गणित, सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर पडल्यावर मी खाली गेले आणि ते भाषेनुसार लावून टाकलं.

ईरा शाळेतून आली, कपाटापुढे थांबली. “आजी, इट वॉज फाइन!”

“अगं, आता सापडेल तरी माणसाला.”

“नोबडी वॉज लुकिंग फॉर एनीथिंग. यू जस्ट फाइंड!”

रात्री जेवताना हा किस्सा मी हसत हसत गौरीला सांगितला. गौरी हसली नाही. “आई, तू इथे पाहुणी आहेस,” एवढंच म्हणाली आणि आमटी वाढली. मी तेही हसण्यावारी नेलं.

खाडीकाठी

दुबईचं मोठं सार्वजनिक ग्रंथालय खाडीच्या काठावर आहे. इमारतीचा आकार रेहालीसारखा, म्हणजे पवित्र ग्रंथ उघडून ठेवायची लाकडी घडीची बैठक असते ना, तसा. आत शिरले आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला ग्रंथालयात लहान झाल्यासारखं वाटलं. मजल्यांवर मजले, काचेतून येणारं मऊ ऊन, लहान मुलांसाठी अख्खा वेगळा विभाग. आमच्या कॉलेजात पावसाळ्यात नकाशांच्या कपाटाखाली बादली ठेवावी लागायची, ते आठवलं. इथे जुनी हस्तलिखितं मंद उजेडात, काचेआड, राजेशाही थाटात पहुडलेली.

फजितीही झाली. पर्स लॉकरमध्ये ठेवायला लावली आणि मी टाकलेला चार आकडी नंबर दोन तासांत विसरले. नातीची जन्मतारीख, घराचा नंबर, लग्नाचं वर्ष, सगळं दाबून झालं. शेवटी एका फिलिपिनो मुलीने हसत लॉकर उघडून दिलं. “डोन्ट वरी, मॅम. एव्हरी डे समवन.” माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू होते. त्यातला एक तिला दिला. तिने तिथल्या तिथे अर्धा खाल्ला आणि अर्धा टिश्यूत बांधून ठेवला.

अल मनखूल

बर दुबईतला हा जुना भाग. खाली वाण्याच्या दुकानात कढीपत्ता आणि केळफूल, रस्त्यात अर्ध्या लोकांचं हिंदी, कोपऱ्यावर दीड दिऱ्हमला करक चहा. “म्हणजे पस्तीस रुपये,” गौरी सवयीने मोठ्यांदा म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर सुलभा वर्तक राहतात. मिस्टर अकाउंट्समध्ये, बाई गेली सत्तावीस वर्षं घरच्या दोन लोखंडी कपाटांत मराठी वाचनालय चालवतात. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, लाल शाईत क्रमांक, लेखकवार मांडणी. मला तिथून उठवेना.

“पूर्वी शुक्रवारी दारात चपला मावायच्या नाहीत,” वर्तकबाई साबुदाणावडे पुढे करत म्हणाल्या. “आता महिन्याला चार-पाच जण. आमचाच चिरंजीव बघा ना.”

चिरंजीव विशीतला, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन. “आय कॅन रीड मराठी, काकू,” तो मला म्हणाला. “पण स्लो. एक पेज झालं की खलास.”

“पण मांडणी किती शास्त्रशुद्ध आहे तुमची!” मी बाईंना म्हणाले. त्या जरा उदास हसल्या. शास्त्रशुद्ध आणि वाचकाविना. तेव्हा मी त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही.

परतताना गाडीत समीर म्हणाला, “आई, आमच्या मुसफ्फाच्या कॅम्पमध्येही एक लायब्ररी आहे. म्हणजे, आपली लायब्ररीच म्हणायची. कामगारांनीच केलीय.”

मी मागच्या सीटवरून पुढे झुकले. प्रबंधातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण कामगारांच्या ग्रंथालयाचं होतं, आणि असं जिवंत ग्रंथालय मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मुसफ्फा, गुरुवार

समीर एका फॅब्रिकेशन कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. रोज दुबईहून अबू धाबीच्या अलीकडे मुसफ्फाला जातो. त्याने कॅम्प बॉसची परवानगी काढली आणि गुरुवारी सकाळी मला बरोबर नेलं. दुतर्फा सपाट वाळू, विजेचे मनोरे, मधूनच एखादं धुळीने पांढरं झालेलं झाड. मग एकाएकी कारखानेच कारखाने. कापलेल्या लोखंडाचा वास, पाइपांच्या राशी, ठिणग्या. त्यापुढे कामगारांच्या तीन मजली इमारती. कठड्यावर वाळत घातलेली ब्लँकेटं, दारोदार चपलांच्या रांगा.

करमणुकीच्या हॉलमध्ये एका टोकाला टीव्ही आणि कॅरम, दुसऱ्या टोकाला भिंतभर फळ्या. परांचीच्या जुन्या फळ्या लोखंडी अँगलवर बसवलेल्या, इतक्या साफ वेल्डिंगने, की आमच्या कॉलेजच्या रॅकना लाज वाटावी. चारेकशे पुस्तकं असतील. मल्याळम, हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी, मराठी, सगळी मिसळलेली. मल्याळम कादंबरीशेजारी फिटरचं क्रमिक पुस्तक, त्याच्याशेजारी योगासनं. फळीच्या कडेला आणि पुस्तकांच्या पाठीवर काळ्या इन्सुलेशन टेपने चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कसलीशी नावं, खोल्यांचे नंबर.

शौकतभाई हे सगळं सांभाळतात. खेडचे, पन्नाशीचे, कंपनीत स्टोअरकीपर. पांढरी होत आलेली दाढी, खिशात तीन पेनं. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

“तुम्ही शिकलेले नसूनही किती छान सांभाळलंय हो,” मी म्हणाले.

“बी.कॉम. आहे मी, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले. “खेडलाच झालं.”

माझे कान गरम झाले. ते झाकायला मी अधिकच उत्साहाने बोलू लागले. विषयवार मांडणी म्हणजे काय, भाषा आधी की विषय आधी, वाचकाचा वेळ कसा वाचतो. शेवटी म्हणाले, “आजचा दिवस मला द्या. संध्याकाळपर्यंत लावून देते.”

शौकतभाईंनी समीरकडे पाहिलं. समीर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण साहेब. मी साहेबांची सासू.

“जसं आहे तसं राहिलं तरी चालेल, मॅडम,” ते म्हणाले. “लोकांना सवय झालीय.”

“चांगल्याचीही सवय होते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, किल्ली टेबलावर ठेवली आणि ड्यूटीवर गेले.

मी पदर खोचला. सगळी पुस्तकं खाली काढली, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या. टेपने पुस्तकांचे कणे खराब होतात, म्हणून चिठ्ठ्या एकेक करून सोलल्या. काही सहज निघाल्या, काही नखांनी खरवडाव्या लागल्या. सगळ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. दुपारी मेसमधून परोटा आणि मासळीचं लाल कालवण आलं. आमच्याकडच्या कालवणाहून आंबट, कुडमपुळी या केरळी आंबसुलामुळे. हात धुऊन पुन्हा लागले. मल्याळम येत नाही, बंगाली येत नाही, तरी चित्रांवरून, आतल्या आकृत्यांवरून विषय ठरवले. चार वाजता सफाईवाला आला आणि पिशवी घेऊन गेला. मी त्याला अरबीत धन्यवाद म्हणून शुक्रन म्हणाले. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले. ‘मुसफ्फाच्या कामगार बांधवांसाठी छोटीशी सेवा.’ साताऱ्याहून टाळ्यांचा पाऊस.

सहाच्या सुमारास कंपनीच्या बस आल्या. अंघोळी आटोपून माणसं हॉलमध्ये येऊ लागली. फळ्यांपुढे येत आणि थांबत. मला वाटलं, भारावलेत. एक ठेंगणा, टक्कल पडलेला केरळी गृहस्थ बराच वेळ पुस्तकांवरून बोट फिरवत होता. मी पुढे झाले. “क्या चाहिए? लेखक का नाम बताइए.”

“पवार किधर है, मॅडम?”

“पवार… मराठी कादंबरी?”

“नहीं नहीं. पवार. रूम फोर्टीन.” त्याने मधल्या फळीच्या डाव्या टोकाला तळहात ठेवला. “इधर था.”

“जोसेफ,” शौकतभाई मागून आले होते. “चल, चाय पी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “खूप छान झालंय, मॅडम. खूप मेहनत घेतलीत.”

सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी माझ्यासाठी काचेच्या पेल्यात सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा आणला. तो पिता पिता मी त्यांना दहा मिनिटं वर्गीकरणावर भाषण दिलं. दिवसभर लोखंड ओढून आलेली तीस-पस्तीस माणसं उभ्याने ऐकत होती.

समीर गाडी चालवत होता. मुसफ्फा मागे पडल्यावर म्हणाला, “आई, एक सांगू का? तुम्ही भाषण देत होतात तेव्हा जोसेफने मला सांगितलं. त्या फळ्या माणसांच्या होत्या.”

“म्हणजे?”

“कॅम्प सोडून जाताना बॅगेत वजन बसत नाही. मग माणूस आपली पुस्तकं ठेवून जातो. त्याची सगळी एकत्र राहतात, त्याच्या नावाने. नवीन आलेला विचारतो, हा पवार कोण? मग कुणीतरी सांगतं. ज्याला ज्याचं वाचन पटतं, तो त्याच्या फळीवरची सगळी वाचतो. जोसेफचा दोस्त थॉमस इथेच गेला, हार्ट अटॅकने. त्याचीही फळी होती. मलाही माहीत नव्हतं, आई. नाहीतर सांगितलं असतं.”

“चिठ्ठ्या,” मी म्हणाले.

“हो. चिठ्ठ्या.”

गाडी वळव म्हणाले. समीरने तिथूनच शौकतभाईंना फोन लावला. कचऱ्याची गाडी साडेचारलाच गेली होती. “मॅडमना सांगा, मनाला लावून घेऊ नका,” फोनवरून त्यांचा आवाज मला ऐकू आला. त्याने अधिकच लागलं.

शुक्रवार-शनिवार मी घराबाहेर पडले नाही. ग्रुपवर अभिनंदनं येतच होती. एका माजी विद्यार्थिनीने लिहिलं, ‘मॅडम, तुम्ही जाल तिथे शिस्त!’ फोन पालथा घालून ठेवला. एवढी वर्षं मुलांना सांगत आले, की आधी वाचक पाहा, मग फळी. प्रबंधात त्या कामगारांच्या ग्रंथालयाच्या यादीवर मी ऐटीत शेरा मारला होता, मांडणी अशास्त्रीय. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना विचारायची सोय नव्हती. या माणसांना विचारायची होती. शौकतभाई तर समोर उभे होते, आणि सांगतही होते.

मुसफ्फा, रविवार

रविवारी कॅम्पला सुट्टी असते. समीरला म्हटलं, मला परत ने. हॉलमध्ये क्रिकेटचा सामना चालू होता. मी शौकतभाईंना बाजूला घेऊन माफी मागणार होते, पण सगळ्यांदेखत केलेली चूक कोपऱ्यात कशी निस्तरणार? टीव्हीच्या बाजूला उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “मैंने आप लोगों का बहुत नुकसान किया. पूछा नहीं. मुझे माफ कीजिए.”

कुणीतरी सामन्याचा आवाज बंद केला. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. एकाने खुर्ची आणली. त्यांचं ते अवघडणं पाहून मला रडू आवरेना, आणि साहेबांची सासू रडतेय म्हटल्यावर ते आणखीच अवघडले.

“तुम्ही अडवलं का नाहीत मला?” मी शौकतभाईंना विचारलं.

“तुम्ही दिवसभर उभं राहून केलंत, मॅडम,” ते म्हणाले. “आमच्यासाठी कोण करतं एवढं? मग सांगणार कसं?”

जोसेफ मात्र उठला. फळीवरून पुस्तकं काढून जमिनीवर सतरंजीवर ठेवू लागला. “यल्ला, चलो,” तो म्हणाला. “जिसको जितना याद है.”

मग सगळी पुस्तकं पुन्हा खाली आली. मीही सतरंजीवर बसले. या वेळी फक्त लिहायचं काम मागितलं, आणि शौकतभाईंनी खिशातलं एक पेन काढून दिलं.

पवार फलटणचा, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. फिटरचं पुस्तक त्याचं, योगासनं त्याची, आणि तीन मराठी कादंबऱ्या, ज्या एका नांदेडच्या माणसाने कॅम्पमधल्या सगळ्या मराठी मुलांना मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. गोरखपूरच्या रामनरेशने रेल्वेभरतीची गाइडं सोडली होती. वयाची अट उलटून गेली तरी तो ती सोडवत बसायचा. “आदत हो गया था,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. एका उर्दू पुस्तकावर वाद झाला. एक म्हणे सलीमचं, दुसरा म्हणे नाही, सलीम अत्तर लावायचा, याला वास कुठे आहे? पुस्तक हातोहात फिरलं, प्रत्येकाने हुंगलं. शेवटी ते सलीमचंच ठरलं. मी चिठ्ठी लिहिली. चूक असेल तर ती आता कायमची.

थॉमसची पुस्तकं जोसेफने एकट्याने शोधली. मल्याळमचा सगळा ढीग पुढ्यात घेऊन पान न् पान चाळत बसला. थॉमस पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारायचा. रेघ दिसली की पुस्तक मांडीवर ठेवायचा. सात पुस्तकं मिळाली.

“कितना था?” मी घाबरत विचारलं.

“ग्यारह.” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, “बाकी में लाइन नहीं मारा होगा, मॅडम.”

मध्ये जेवण झालं, मोठ्या परातीत भात आणि चिकन. मला वेगळं ताट देत होते, मी त्यांच्यातच बसले. दुपार कलेपर्यंत बहुतेक फळ्या उभ्या राहिल्या. पण पासष्ट पुस्तकं उरली. कुणाची ते कुणालाच सांगता येईना. ज्यांना आठवलं असतं ते कधीच गावी गेले होते. चिठ्ठ्या होत्या, तोवर आठवायची गरजही नव्हती.

ढीग सतरंजीवर तसाच पडून राहिला. मी म्हणाले, “निदान भाषेप्रमाणे…” आणि जीभ चावली.

जोसेफ शौकतभाईंशी काहीतरी बोलला. शौकतभाईंनी मान डोलावली आणि सगळ्यात खालची रिकामी फळी पुसून घेतली. दोघांनी मिळून ती पासष्ट पुस्तकं तिच्यावर ठेवली. मग शौकतभाईंनी एक चिठ्ठी घेतली, वळणदार अक्षरात लिहिली आणि काळ्या टेपने फळीच्या कडेला चिकटवली. मी वाकून वाचली. ‘मॅडम, सातारा.’

“अहो, नको,” मी म्हणाले. “मी तर काहीच ठेवलं नाही. उलट…”

“तुम्ही बुधवारी निघताय ना?” ते म्हणाले. “इथून जाणाऱ्याची फळी असतेच, मॅडम.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, ते मी गाडीत बसेपर्यंत शोधत होते. नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या आठवड्यात समीरचा फोन आला. कॅम्पमध्ये पन्नासेक नवीन माणसं आलीत. त्यातल्या एका नेपाळी मुलाने खालच्या फळीवरून एक पुस्तक नेलं. नेताना त्याने चिठ्ठीवर बोट ठेवून शौकतभाईंना विचारलं, म्हणे, ये मॅडम कौन था?

“मग काय सांगितलं त्यांनी?” असं मी विचारीन म्हणून समीर थांबला होता. मी ईराच्या परीक्षेचं विचारलं.